बैलाच्या पोटाखालीही पाहावे

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा तूप व हळद लावून चोळण्यात येतो. दुसऱ्या दिवशी बैलास धुवून, शिंगे रंगवून, झूल पांघरून मिरवितात. हा सण आपल्या कृषिजीवनाचे भूषण आहे. परंतु बैलाच्या अंगाचा एक भाग असा आहे की ज्याकडे त्या दिवशीही सहसा कोणी पाहत नाही. तो म्हणजे पोटाखाली असलेले मूत्रेंद्रियाचे आवरण. गाईची कास दररोज दोन वेळा धुतली जाते, कारण तेथून दूध मिळते. बैलाच्या त्या भागापासून काही मिळत नाही; शिवाय तेथे हात लावणे संकोचाचे वाटते. या संकोचापायी चांगले कष्टाळू बैल गमावले जातात असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मला फार उशिरा झाले, हेही येथेच सांगणे इष्ट.

काही वर्षांपूर्वी नांगरटीच्या दिवसांत मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात उभा होतो. गेलो होतो मातीचे नमुने घेण्यास. त्यांचा एक बैल शेपटी उचलून कुंथत होता, मागचे पाय पोटाकडे झाडीत होता आणि गव्हाणीतील कडब्यास त्याने तोंड लावले नव्हते. शेण थोडे व कोरडे पडत होते. जमलेल्या मंडळींनी निदान केले की पोट गच्च झाले आहे. मीही मान डोलावली. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजण्यात आले. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बैल शांत झाला, पाय झाडणे थांबले, आणि घरधन्यासह सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला.

शवविच्छेदनात असे आढळले की मूत्रमार्गात खडा अडकून मूत्राशय फुटले होते. बैल शांत झाला तो बरा झाला म्हणून नव्हे. ताणलेले मूत्राशय फुटल्यामुळे वेदना ओसरली आणि मूत्र पोटात साचू लागले. आवरणाच्या तोंडाशी असलेल्या केसांना वाळूसारखे बारीक कण चिकटलेले होते. ही खूण पहिल्या दिवशीही तेथे असावी. आम्ही सर्व जण बैलाच्या मागे उभे होतो. पोटाखाली वाकून पाहिले नाही कोणीच.

मी पशुवैद्य नव्हे. परंतु त्यानंतर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून जे शिकलो ते सांगण्यास हरकत नाही. पोट गच्च होणे आणि लघवी तुंबणे ही दोन दुखणी मागून पाहणाऱ्यास सारखीच दिसतात. दोन्हींत जनावर कुंथते, चारा सोडते, रवंथ बंद करते. फरक शोधावयाचा तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण डावी भकाळ. तेथे मूठ ठेवली असता निरोगी बैलाचे कोठीपोट मिनिटास एकदा-दोनदा हललेले हातास जाणवते. पोट गच्च झाले असेल तर ही हालचाल मंदावते किंवा थांबते, आणि मूठ दाबून काढल्यावर मळलेल्या कणकेत उमटावी तशी खोच काही वेळ राहते. दुसरे ठिकाण पोटाखाली. लघवी धारेने होते की थेंब-थेंब गळते, आवरणाच्या तोंडाचे केस ओले आहेत की कोरडे, त्यांवर खडीसारखे कण आहेत काय, हे पाहावे. अर्धा दिवस लघवीची धार दिसली नाही तर उजाडण्याची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. येथे तेलाचा काडीइतकाही उपयोग नाही. घरगुती उपाय सर्वस्वी टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. पण लघवी पाहिल्यावाचून नळकांड्यास हात घालू नये. तसेच, मान फार उंच करून व जीभ ओढून पाजलेले औषध फुप्फुसात उतरते, आणि पोटाचे दुखणे राहून बैल न्यूमोनियाने मरतो.

पोट गच्च होण्याची कारणे बहुतेकांस ठाऊक असतात. नुसता वाळलेला कडबा किंवा गव्हाचे भूस, त्यात पाण्याची टंचाई, हे मुख्य कारण. अलीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांची भर पडली आहे. पोटात गेलेले प्लॅस्टिक कोणत्याही औषधाने विरघळत नाही. पोट उघडून ते काढावे लागते.

आवरणाच्या स्वच्छतेविषयी मात्र विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. खिल्लार बैलाचे आवरण अंगास चिकटून असते. गीरसारख्या जातींत ते लोंबते. लोंबत्या आवरणास धसकटे ओरबाडतात, चिखल व शेण लागते. गोऱ्हा फार लहानपणी बडविला तर मूत्रमार्ग अरुंद राहतो, इंद्रिय नीट बाहेर येत नाही आणि लघवी आवरणातच होते. त्यात ढेप भरपूर चारली असेल तर मूत्रातील युरिया वाढतो, तेथील जंतू त्याचा अमोनिया करतात आणि कातडी आतून भाजल्यासारखी होते. सूज येते, दुर्गंधी सुटते, माशी बसते, किडे पडतात. सुजेने तोंड आवळले की लघवी पुन्हा अडते.

आठवड्यातून एकदा, काम सुटल्यावर व बैल निवल्यावर, एकाने वेसण धरावी व दुसऱ्याने खांद्याच्या बाजूस उभे राहून काम करावे. बैलाची लाथ पुढे व बाजूस येते, हे विसरू नये. कोमट पाण्याने आवरणाचे तोंड व भोवतालचा भाग हलक्या हाताने धुवावा, गोचीड काढाव्यात आणि फडक्याने कोरडे करावे. केस वाढून गुंता झाला असेल तर बोटभर राखून कातरावेत. मुळापासून भादरू नयेत. इंद्रिय ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. फिनेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही तेथे ओतू नये. किडे पडलेल्या जखमेत लोक तेच ओततात, आणि जखम दुप्पट होते.

ट्रॅक्टरच्या काळात बैलाच्या लघवीची चर्चा कशास, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले. दोन-तीन एकरांच्या धन्यास वाफसा आला की चार दिवसांत पेरणी उरकावी लागते. त्या वेळी एक बैल गेला म्हणजे जोडी मोडते. दुसरा धडधाकट बैल दावणीस उभा राहतो आणि सावडीसाठी शेजाऱ्याच्या दारी जावे लागते. शेजाऱ्याची पेरणी होईतो स्वतःची ओल उडून जाते. खतांच्या वा बियाण्यांच्या कामानिमित्त गोठ्यापर्यंत जाणाऱ्या ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी म्हणूनच दोन प्रश्न अधिक विचारावेत: आज शेण कसे पडले, आणि लघवीची धार कशी आहे? हा आपला विषय नव्हे असे म्हणून त्यांनी गप्प राहू नये. मी त्या दिवशी तेच केले होते.

खड्यावर व गच्च पोटावर, दोन्हींवर, सर्वांत स्वस्त प्रतिबंध पाण्याचा आहे. उन्हाळ्यात कामाच्या बैलास दिवसाकाठी पन्नास लिटरच्या आसपास पाणी लागते. सकाळी व संध्याकाळी दोनदा हौदावर नेऊन ते पुरत नाही. दुपारी सावलीत एकदा व रात्री दावणीजवळ एक बादली ठेवावी. आंबोणात थोडे मीठ घातल्यास बैल अधिक पाणी पितो. मात्र पाणी जवळ नसेल तर मीठही घालू नये.