शेवटच्या गड्याचा वेग

दिवाळी उलटून थंडीने जोर धरला, की मांजरीच्या वाटांवर पहाटे मुलांचे मेळे दिसू लागतात. कानटोप्या घातलेली, हातांवर फुंकर मारणारी, एकमेकांना हाका घालणारी ही मुले धावावयास निघालेली असतात. पहिल्या दिवशी दहा-बारा जण असतात आणि उत्साह तर एवढा की, परत येताना उद्या किती लांब जावयाचे याचे बेत चाललेले असतात. आठवडा लोटतो आणि मेळा विरळ होऊ लागतो. कोणाला सर्दी झालेली असते, कोणाच्या घरी पाहुणे आलेले असतात, कोणाची चाचणी परीक्षा जवळ आलेली असते. महिना होतो न होतो तोच दोघे-तिघे उरतात. आणि एका सकाळी त्यांतल्याही एकाला जाग आली नाही, की सारा खेळ आटोपतो. पुढच्या दिवाळीपर्यंत मग धावण्याचे कोणी नाव काढीत नाही.

असे का व्हावे? वडीलधारी माणसे म्हणतात, "हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही!" मला हे पटत नाही. हीच पोरे चेंडू-फळी घेऊन भर उन्हात चार-चार तास मैदानावर काढतात. तेव्हा त्यांना चिकाटी कोणी उसनी आणून देत नाही. माझ्या मते दोष मुलांच्या मनात नसून मेळ्याच्या रीतीत असतो. जो मेळा सर्वांत पुढच्या मुलाच्या वेगाने धावतो, तो मोडतो. आणि जो सर्वांत मागच्या मुलाच्या वेगाने धावतो, तो टिकतो. हे वाचून तुमच्यातील चपळ मुले नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. त्यांचे म्हणणेही आपण ऐकणारच आहोत. पण आधी मागे राहणाऱ्याचे ऐकू.

मुळा-मुठेच्या अलीकडे मांजरी बुद्रुक आणि पलीकडे मांजरी खुर्द. समजा, नदीच्या पुलापर्यंत धावत जाऊन परत यावयाचे, असे मेळ्याने ठरविले. पुढची मुले पुलावर पोहोचतात, कठड्याला टेकून दम खातात, गप्पा मारतात. तेवढ्यात शेवटचा गडी धापा टाकीत येतो. त्याला पाहताच पुढचे म्हणतात, "आला रे आला! चला आता परत." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती मिळत नाही, आणि ज्यांना ती फारशी नको असते, ते पोटभर विसावा घेऊन ताजेतवाने परत फिरतात. असे चार दिवस झाले, की पाचव्या दिवशी त्या मुलाचे पोट दुखू लागते. तो आळशी आहे काय? मुळीच नाही. तो सवंगड्यांबरोबर धावलेलाच नसतो. तो त्यांच्या मागून एकटाच धावलेला असतो. त्याच्या जाण्याने कोणाचे काही अडत नाही, म्हणून कोणी त्याला बोलावण्यासही जात नाही. मात्र तो गेला, की त्याच्या पुढचा मुलगा आता शेवटचा होतो. दोराचे टोक उसवू लागले, की एकेक पीळ सुटत सुटत सारा दोर उलगडतो. मेळ्याचेही तसेच होते.

याच्या उलट उदाहरण पाहण्यासाठी मांजरीकरांना दूर जावे लागत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून हडपसरवरून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, तेव्हा मांजरी फार्मच्या अंगाने हजारो माणसे चालत जाताना आपण दरवर्षी पाहतो. ज्ञानोबांची पालखी हडपसर सोडल्यावर दिवे घाटाकडे वळते. देहूपासून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एवढे अंतर सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई डोक्यावर तुळस घेऊन चालून जातात. भक्तीचा विषय निराळा आणि मोठा आहे. मी येथे केवळ चालण्याच्या रीतीविषयी बोलतो. वारीतला माणूस सुटा चालत नाही, दिंडीत चालतो. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते. पताका घेणारा, टाळकरी, मृदंग वाजविणारा, विणेकरी आणि तुळशी-वृंदावन घेणाऱ्या बाया, अशी ज्याची त्याची जागा ठरलेली असते. कोणी दिसेनासा झाला, तर ते शेजारच्याला लगेच कळते.

ज्ञानोबांच्या सोहळ्यात तर मला एक रीत फारच आवडते. दिवसाची चाल संपून तळावर पोहोचल्यावर सर्व दिंड्या एकत्र येतात आणि समाज-आरती होते. त्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात शांत होतो. मग वाटेत कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले, ते सर्वांना ऐकविले जाते. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तर ती दिंडी आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेतो. विचार करा, दिवसभर चालून पाय दुखत असताना, आधी जेवावे, आडवे व्हावे, असे कोणाला वाटणार नाही? तरीही आधी हरवल्याची चौकशी होते. आपल्या धावण्याच्या मेळ्याने एवढे एकच उचलले तरी पुष्कळ झाले: घरी परतण्यापूर्वी दोन मिनिटे उभे राहून, आज कोण आला नाही आणि त्याच्या घरी कोण जाणार, हे बोलून घ्यावयाचे.

सोबतीने माणसाचा वेग वाढतो, हे आपण अनुभवाने जाणतो. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासकांनी ते मोजूनही पाहिले आहे. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ साली मासेमारीच्या दोऱ्याचे रीळ ४० मुलांना कधी एकट्याने, तर कधी दुसऱ्या मुलाशेजारी फिरवावयास लावले. २० मुलांचे हात जोडीदार शेजारी असताना अधिक वेगाने फिरले. पण १० मुले उलट गडबडून गेली, आणि उरलेल्या १० मुलांना सोबतीने फारसा फरक पडला नाही. या प्रयोगाविषयी बोलताना लोक पहिल्या वीसांचेच नाव घेतात. गडबडून गेलेल्या दहांना विसरतात. मेळ्यातून गळणारी मुले बहुधा याच जातीची असतात. शर्यतीचा वास आला की ती बिचकतात. त्यांना सोबत हवी असते, चुरस नको असते.

जर्मनीतील ओटो कोलर यांनी पुढे १९२० नंतरच्या दशकात बर्लिनच्या नौका क्लबातील खेळाडूंवर प्रयोग केले. जड वजन प्रथम एकेकट्याने आणि मग जोडीने वर-खाली करावयाचे; जोडीतील एकाने हात टेकले, की दोघांचाही डाव संपला. तेव्हा असे दिसले की, जोडीतला दुबळा गडी एकट्याने जेवढा टिकत असे, त्याहून अधिक वेळ टिकला. आपल्यामुळे सोबत्याचा डाव बुडू नये, या जाणिवेने त्याच्या दंडांत बळ आले. मात्र दोघांच्या शक्तीत फारच अंतर असले, तर हा लाभ घटत असे. माणूस आपल्याहून थोड्या पुढे असलेल्याला गाठण्याची उमेद धरतो. दृष्टीआड गेलेल्याच्या मागे तो धावत नाही.

आता चपळ मुलांचे म्हणणे. ती म्हणतील, "आम्ही का म्हणून रेंगाळावे? आमचा वेग मारला जाईल." तक्रार खोटी नाही, आणि तिला उत्तरही आहे. एक तर लांब पल्ल्याचे कसलेले धावपटूसुद्धा रोज जिवाच्या आकांताने धावत नाहीत. त्यांचे बरेचसे धावणे बोलता येईल इतक्या संथ गतीने चालते. धावताना शेजाऱ्याशी एक पुरे वाक्य बोलता आले, तर वेग योग्य. शब्द तुटू लागले, तर अधिक. ही कसोटी कोणालाही घेता येते, तिला घड्याळ लागत नाही. दुसरे असे की, ज्याला अधिक धावावयाचे आहे, त्याने पुढे जावे आणि वळून शेवटच्या गड्यापर्यंत परत यावे, पुन्हा पुढे जावे. त्याचे दीडपट धावणे होते आणि मागच्याला दर थोड्या वेळाने सोबत मिळते. आठवड्यातून एक दिवस, रविवारी म्हणा, ज्याने त्याने आपल्या वेगाने खुशाल धावावे. परंतु त्या दिवशीही पुलावर पहिल्याने पोहोचणाऱ्याने थांबावयाचे, आणि शेवटच्याचा दम पुरता ओसरल्यावरच परत निघावयाचे.

वेगवान माणसाला सोबतीची गरज नसते, असा तर तुमचा समज नाही ना? केनियाचे एलियूद किपचोगे यांनी १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे मॅरेथॉनचे ४२ किलोमीटरांहून अधिक अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावून दाखविले. ती शर्यत नव्हती, म्हणून जागतिक विक्रमांत ती वेळ धरली जात नाही. पण त्यांच्या पुढे-मागे आळीपाळीने धावावयास सुमारे ४० नामांकित धावपटू होते. वारा अडवावयाचा, वेग राखावयाचा, एवढेच त्यांचे काम. त्यांतले कित्येक स्वतः मोठमोठ्या स्पर्धा गाजविलेले. त्या सकाळी त्यांनी आपला वेग दुसऱ्याच्या कामी लावला.

मेळ्यातून मुले गळण्याचे आणखी एक कारण आहे. ते कोणी मोठ्याने बोलत नाही. कोणाच्या पायांत हजारो रुपयांचे बूट असतात, तर कोणाच्या पायांत अंगठा बाहेर डोकावणारे शाळेचे बूट. एखादा शब्द कोणी थट्टेने बोलून जातो आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगा कमी होतो. अशा थट्टेखोरांना पुण्यातीलच एक गोष्ट सांगितली पाहिजे. येथील डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटा उपस्थित होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी घरांतील धावपटू अनवाणी पायांनी धावताना त्यांनी पाहिले आणि त्यांची दौड पाहून ते थक्क झाले. या लोकांना ऑलिंपिकला पाठवावे, असे त्यांनी मनावर घेतले. पुढच्याच वर्षी, १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही उतरले होते. त्यांना ती पुरी करता आली नाही, म्हणून त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. मी मुद्दाम घेतो. आज रस्त्यांवर काचा आणि खिळे असतात, तेव्हा अनवाणी धावा असे मी म्हणणार नाही. पण साधे कापडी बूट पुरेत.

वेळ आणि जागा ठरवितानाही शेवटच्याच गड्याचा विचार आधी करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीचा खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो एकाच वेळी केला पाहिजे असे नाही, आणि पहाटेच केला पाहिजे असेही नाही. कोणाला सकाळी घरी दूध आणावयाचे असते, कोणाला धाकट्या भावंडाला शाळेत पोहोचवावयाचे असते. अंधारात मुलींना घरची माणसे बाहेर पाठवीत नाहीत, आणि मग आपल्या मेळ्यात मुली का येत नाहीत, याचे मुलांना नवल वाटते. त्या मेळ्याने उजाडल्यावर किंवा शाळा सुटल्यावर धावावयाचे ठरविले, तर मेळा एका दिवसात दुप्पट होईल. जागेचेही तसेच. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. गावात वाहनांची वर्दळ मोठी आहे. हमरस्त्याच्या कडेने धावणे हे धाडस नव्हे, अविचार होय. शाळेचे मैदान लहान असले, तरी त्याच्या फेऱ्या घालाव्यात. फेऱ्यांत एक गुण असा की, तेथे मागे पडलेला गडीही सर्वांच्या दृष्टीसमोर राहतो.

राहिले हाक मारण्याचे. गजराचे घड्याळ बंद करता येते. दारात उभा राहून नावाने हाक मारणारा मित्र बंद करता येत नाही. म्हणून सर्वांत लांबच्या घरापासून निघावे आणि एकेकाला घेत घेत मैदान गाठावे. हाक मारणाऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलावी. ज्याच्यावर दुसऱ्यांना उठविण्याची पाळी असते, तो स्वतः कधी झोपून राहत नाही. सर्वांत कच्च्या गड्याला ही पाळी पहिल्याच आठवड्यात द्यावी, असे मी सुचवीन.

आणि कोणी तापाने चार-आठ दिवस अंथरुणाला खिळला, तर तो बरा होऊन आल्यावर काय करावयाचे, हेही ठरलेले असावे. तो पहिल्याच दिवशी दहा फेऱ्या घालू शकणार नाही. त्याने दोन फेऱ्या चालाव्यात, एक सावकाश धावावी आणि झाडाखाली बसावे. त्याच्याबरोबर एकाने बसावे. कोण बसणार, ते मात्र आदल्या दिवशीच नाव घेऊन सांगून ठेवावे. नाही तर दुसरा कोणी बसेल, असे प्रत्येकाला वाटते आणि तो मुलगा झाडाखाली एकटाच राहतो.