समुद्रास मिळणारे पाणी खरोखर वाया जाते काय?

नद्यांचे पाणी समुद्रात वाया जाते, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा केले जाते की त्यास पुरावा मागण्याची आवश्यकता कोणासच वाटत नाही. कोकणातील नद्यांविषयी ते ऐकू येते. कोयनेची वीज निर्माण करून वाशिष्ठीमार्गे दाभोळच्या खाडीस मिळणाऱ्या पाण्याविषयी तर ते अधिकच त्वेषाने ऐकू येते. 2018 च्या उन्हाळ्यात भरूचच्या परिसराने या विधानाची दुसरी बाजू पाहिली. नर्मदेचे पाणी 'वाया' जाणे त्या वर्षी जवळजवळ थांबले होते. परिणामी समुद्रच नदीत शिरला.

सरदार सरोवर धरणाचे दरवाजे बंद करण्यास 2017 च्या जूनमध्ये अनुमती मिळाली व सप्टेंबरमध्ये प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी खोऱ्यातील पावसाने दगा दिला. 28 दशलक्ष एकर-फूट पाणी गृहीत धरून ज्या नदीचे वाटप झाले, त्या नदीत 2017-18 साली 14.66 दशलक्ष एकर-फूट एवढेच पाणी उपलब्ध झाले. तुटीच्या वर्षी सर्व राज्यांनी त्याच प्रमाणात तूट सोसावी, असा नियम असल्यामुळे गुजरातचा हिस्सा 9 वरून 4.71 वर आला. 15 मार्चनंतर शेतीस पाणी मिळणार नाही, असे शासनास जाहीर करावे लागले. नदीपात्रातील वीजगृह चालते तेव्हाच धरणाखाली मोठा प्रवाह येतो. जलाशय आटल्यावर तोही मार्ग खुंटला. खाली सोडले जाई ते 600 क्युसेक्स पाणी, म्हणजे सेकंदास सुमारे 17 हजार लिटर.

हा आकडा मोठा वाटतो, परंतु त्यास काय काम करावयाचे होते ते पाहिले पाहिजे. धरणापासून मुखापर्यंत नर्मदेचे सुमारे दीडशे किलोमीटरचे पात्र आहे आणि ती ज्या खंभातच्या आखातास मिळते तेथील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. भावनगरजवळ तिचा चढउतार दहा मीटरहून अधिक असतो. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्याने ते तळाने वर सरकते, आणि येथे भरतीचा जोर असा की ते ढवळून निघून वरच्या थरांतही मिसळते. त्याला मागे रेटणारी शक्ती एकच, वरून येणारा प्रवाह. उन्हाळ्यात क्षार काही अंतर वर येणे हे पूर्वीही घडत असे, पण आता मर्यादा घालणारा हातच दुबळा झाला. भरूचच्या वर शुक्लतीर्थापर्यंतच्या काठांवरून खाऱ्या पाण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. नदीकाठच्या विहिरी मचूळ झाल्या की शेतकरी अधिक उपसा करून पाहतो, आणि त्या उपशानेच क्षार आणखी आत ओढले जातात. पावसाळ्यातील पुराच्या गोड्या पाण्याची चाहूल घेऊन अंडी घालण्यास वर येणारा हिलसा मासा, आपल्याकडील पाला, हा भाडभूतच्या मच्छीमारांचा वर्षाचा आधार. त्याचे दुखणे एका दुष्काळाचे नाही. ते जुने आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे वैकल्पिक परिव्ययाचा प्रश्न विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. 600 क्युसेक्स वर्षभर सोडले तर 0.43 दशलक्ष एकर-फूट पाणी लागते. सामान्य वर्षी हा गुजरातच्या हिश्शाचा विसावा भागही नाही. 2017-18 सारख्या वर्षी तो अकरावा भाग होतो. समजा 4 हजार क्युसेक्स सोडावयाचे ठरले, तर आठ कोरड्या महिन्यांतच 1.9 दशलक्ष एकर-फूट पाणी खर्ची पडेल. म्हणजे तुटीच्या वर्षी हिश्शाचा चाळीस टक्के भाग! सौराष्ट्र व कच्छमधील ज्या गावांना याच कालव्याने पिण्याचे पाणी दिले, त्यांना हा हिशेब सांगणे सोपे नाही, आणि कालव्याकडे बोट दाखवून शिव्या देणाऱ्यांनी तो टाळू नये.

तरीही या हिशेबात एक लबाडी आहे. कालव्यावर पिकलेला गहू राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो. मचूळ झालेली विहीर, न आलेला मासा, गाळाने भरणारे मुख यांची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. कालव्याच्या टोकाचा लाभार्थी ओळखता येतो, त्याची संघटना असते. खाडीकाठचा मच्छीमार विखुरलेला. त्याचा नदीवरील हक्क वहिवाटीचा, सातबाऱ्यावर न चढलेला. ज्या वस्तूची किंमत लिहिलेली नसते ती फुकट समजली जाते, आणि फुकट वस्तूची उधळपट्टी होते.

या त्रुटीचे मूळ 1979 च्या निवाड्यात आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाने मध्य प्रदेशास 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 व महाराष्ट्रास 0.25 दशलक्ष एकर-फूट पाणी दिले. बेरीज केली तर 28 पूर्ण होतात. नदीसाठी शून्य उरते. धरणाखालची गरज गुजरातने आपल्या हिश्शातून भागवावी, एवढ्यावर विषय मिटविण्यात आला. ज्याच्या हिश्शातून द्यावयाचे तोच किती द्यावयाचे ते ठरविणार, ही व्यवस्था दुष्काळात कशी वागेल हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नव्हती. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 साली धरणाखालील परिणामांचा पुरेसा अभ्यासच झालेला नाही, असे बजावले होते. विस्थापितांच्या प्रश्नावरील वादळात, ते वादळ योग्यच होते, अहवालाचा हा भाग दुर्लक्षित राहिला.

यावर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे भाडभूतचा बंधारा. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये त्याची कोनशिला बसली. नव्वद दरवाजांचा हा बंधारा खारे पाणी रोखील व मागे गोड्या पाण्याचे सरोवर तयार होईल. वरच्या विहिरींस आणि दहेजच्या कारखान्यांस त्याचा उपयोग होईल, हे मान्य केले पाहिजे. पण प्रवाह कमी केल्यामुळे उद्भवलेल्या दोषावर हा प्रवाह वाढविण्याचा उपाय नाही, दार लावून घेण्याचा आहे. दाराबाहेर क्षार राहतील तसा हिलसाही राहील. शिवाय सरोवर भरावयाचे झाले तरी पाणी वरूनच आले पाहिजे. पावसाळा संपल्यावर ते किती येईल हा प्रश्न बंधाऱ्याने सुटत नाही.

निवाड्यातील वाटपाचा फेरविचार 45 वर्षांनंतर करता येईल, अशी तरतूद होती. ती मुदत 2024 च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाली आहे. चारही राज्ये आपापल्या हिश्शाची फाईल घेऊन बसतील, यात शंका नाही. महाराष्ट्राचा पाण्यातील वाटा अल्प असला तरी विजेतील 27 टक्के वाटा त्याच्याकडे आहे, आणि वीजगृह केव्हा चालावे यावर खालचा प्रवाह अवलंबून असल्याने आपण या प्रकरणात केवळ प्रेक्षक नाही. नंदुरबारच्या डोंगरातील आदिवासींनी या वाट्याची किंमत आपली गावे बुडवून दिलेली आहे. फेरविचारात कोरड्या महिन्यांसाठी नदीचा हिस्सा कोणाच्याही वाट्यातून वजा न करता आरंभीच बाजूस काढावा, तूट आल्यास इतरांच्या प्रमाणातच तो घटावा, आणि भरूच येथील पाण्यातील क्षारांचे मोजमाप धरणाच्या पातळीप्रमाणेच रोज प्रसिद्ध व्हावे, एवढी मागणी आपल्या राज्यास करता येईल.