दुसरा मोजा
गोदाकाठच्या गंगाखेडला कुणी लोकरीचे मोजे विणतंय म्हटलं की लोक हसतात. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच त्यांना ठाऊक. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो, हे ते विसरतात. नक्षीच्या मोज्यात कसोटी लागते ती टाचेला: टाके कमी करत वळण घ्यायचं, मग कडेचे टाके पुन्हा उचलायचे. दोन रंगांच्या नक्षीत आतून जाणारा धागा जरा जास्त ओढला, तर मोजा पायात शिरतच नाही. पहिला मोजा हौसेवर होतो. दुसऱ्याला चिकाटी लागते, कारण तो पहिल्याशी ओळीला ओळ जुळावा लागतो. तेव्हा विणणाऱ्यांनो, पहिला उतरला त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके सुईवर घाला.