पोरगं ‘ढ’ नव्हतं, त्याचा कान वाहत होता

माझा धाकटा भाऊ दुसरीत दोनदा बसला. गुरुजी हाक मारायचे, तो वळायचाच नाही. आईला बोलावून सांगितलं, “इन लोगों के बच्चे ऐसे ही होते हैं.” आई म्हणाली, “त्याले ऐकू येत नाही जी.” तिची मराठी तिथे कोणाला कळणार होती!

आजोबा भंडाऱ्याहून भिलाईला आले. 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली तेव्हा ते ठेकेदाराकडे माती वाहत होते. बाबाही ठेक्यावरच राहिले. कायम कामगारांना टाऊनशिपमध्ये क्वार्टर. आम्ही सात जण कॅम्पमधल्या एका खोलीत. दाराशी कोळशाची सिगडी, थंडीत ती आत यायची. भावाचा कान तीन वर्षं वाहिला. आजी लसणाचं तेल टाकायची (ते टाकू नये, कान कोरडा ठेवावा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही). एका दवाखान्यात डॉक्टरांनी आईलाच झापलं, “तुम लोग सफाई नहीं रखते.”

पुढे नर्सिंग शिकताना कळलं. नाकामागून मधल्या कानात जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी लवकर कानात उतरते. ही नळी सगळ्या जातींच्या लेकरांत सारखीच. पण पुस्तकात पुढे जोखमीची कारणं होती: घरातला धूर, दाटीवाटी, कुपोषण, अंगावरचं दूध लवकर तुटणं, आडवं निजवून बाटली देणं. मला ती आमच्या खोलीची यादी वाटली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचे कान जगात सर्वाधिक वाहणाऱ्यांत मोडतात. तिथेही घरातली गर्दी हे एक मोठं कारण मानतात.

दूध का तुटलं? आई रेजा होती. महिन्याभरात ती पुन्हा विटा वाहायला गेली, भाऊ आजीजवळ बाटलीवर. बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. 2017 पासून ही रजा 26 आठवड्यांची झाली. कार्यालयातल्या बाईला ती मिळते. रोजंदारीवरच्या रेजाचं नाव कोणत्या हजेरीपटावर आहे, हे आधी शोधावं लागतं.

न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, ती चुकवू नका. आणि 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मधल्या कानाचा आजार तपासायच्या यादीत आहेच. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यायचं असतं. आपल्या वस्तीत ते शेवटचं कधी आलं, हे मुख्याध्यापकांना विचारा. आलं असेल तर कानात बॅटरी टाकून पाहिलं, की नुसतं वजन करून गेले, तेही विचारा. भावाच्या डाव्या पडद्याला अजून भोक आहे.