पाच फायली, एक मुलगी

या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मुलीच्या पाच फायली माझ्यासमोर ठेवल्या. एक त्वचेची, एक सांध्यांची, एक सारखं तोंड येण्याची, एक रक्ताची आणि शेवटची फिट आल्यानंतरची. मुलगी २६ वर्षांची. अडीच वर्षं पाच दवाखाने झाल्यावर गेल्या महिन्यात निदान झालं : ल्युपस. ‘रुग्ण एक, तर केसपेपर एक’ हे माझं तुणतुणं वाचकांना पाठ आहे. आज ते पुन्हा वाजवतो, कारण मला खरंच राग आला आहे.

सगळं एकत्र मांडलं की काय साधतं? जानेवारी २०२५ मधला पुण्यातला सिंहगड रस्ता आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. जुलाब झाले, थांबले आणि काही दिवसांनी पायांत मुंग्या. मग जिना चढवेना. जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच गाठतो. इथे काही आठवड्यांत संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला (एनआयव्ही) शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जिवाणूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या रेणूंशी इतकी मिळतीजुळती असते, की प्रतिकारशक्ती त्याला मारता मारता नसांवरच तुटून पडते. असा दुर्मीळ, फसवा आजार शहराने काही दिवसांत ओळखला. सगळे रुग्ण एकाच यादीत आले, एकाच नकाशावर आले, म्हणून विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवता आलं.

ल्युपसमध्येही शरीर शरीरावरच उलटतं. फरक हा, की इथे यादी अनेक रुग्णांची नसते, एकाच रुग्णाच्या तक्रारींची असते. आणि ती करायला कुणी बसत नाही. जीबीएस चार आठवड्यांच्या आत टोक गाठतो आणि ल्युपस वर्षानुवर्षं लपंडाव खेळतो, हे मान्य. पण या मुलीच्या बाबतीत तो लपला नव्हता.

संशोधनासाठी २०१९ साली ठरलेले युरोप-अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांचे निकष पाहा. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह हवी. मग त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, मेंदू यांचे गुण मिळवायचे. दहा झाले की ल्युपस. गालांवरच्या ताज्या चट्ट्याला ६, सकाळी अर्धा तास आखडणाऱ्या दुखऱ्या सांध्यांना ६. म्हणजे पहिल्या दोन फायलींतच बारा गुण होते. फिटचे पाच मोजायची वेळ यायलाच नको होती. निकष म्हणजे निदान नव्हे, हे मला कळतं. पण ते बेरीज करायला लावतात, आणि बेरीज एका फायलीत होत नसते.

चट्ट्याला ‘वांग’ म्हटलं गेलं. पाठ्यपुस्तकात ल्युपसच्या चट्ट्याचं फुलपाखरू गोऱ्या गालांवर लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते तपकिरी, जांभळट उमटतं. मग औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचं मलम येतं, डाग फिका पडतो आणि पुरावाही पुसला जातो. सांधेदुखीला डी जीवनसत्त्वाचं पाकीट मिळालं. आणि एएनए? ती हल्ली पॅकेजमध्ये घालून कुणालाही विकतात. निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते; लक्षणांशी सांगड न घालता केलेली ही तपासणी माणसाला फक्त घाबरवते. जिला ती हवी होती, तिला अडीच वर्षं कुणी लिहून दिली नाही.

शेवटी ज्या डॉक्टरांनी ओळखलं, त्यांनी पाचही फायली टेबलावर पसरल्या आणि विचारलं, “उन्हात गेलं की वाढतं का?” मुलगी गोंधळली. मग त्यांनी तिच्या मोबाइलमधले जुने फोटो मागितले. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, मामेभावाच्या लग्नात, भर दुपारी काढलेला एक फोटो निघाला. दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा गडद, नाकाच्या कडेची घडी मात्र स्वच्छ. काकू म्हणाल्या, “आम्हाला वाटलं मेकअप उतरलाय.”