विश्लेषण : सायकल डोंगराची, शर्यत मात्र महामार्गावर! सोलापूरच्या सायकल गटांनी मातीची वाट का धरावी?

रविवारी पहाटे सोलापुरात सात रस्ता किंवा पार्क चौकात थांबले, की हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे छोटे गट दिसतात. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, तर कुणी कॉलेजचा विद्यार्थी. तुळजापूर, अक्कलकोट किंवा पुण्याच्या दिशेने मंडळी निघतात आणि थोड्याच वेळात ‘पुढच्या फाट्यापर्यंत पहिला कोण’ अशी चढाओढ लागते. गंमत म्हणजे यातल्या अनेक सायकलींना जाड, खाचांचे टायर आणि पुढे शॉकअप असतात. सायकल मातीसाठी बनवलेली आणि शर्यत ट्रकच्या शेजारी, असा हा उलटा कारभार आहे. तो बदलायला हवा.

माउंटन बायकिंगची सुरुवात कशी झाली?

हा खेळ मित्रांच्या अशाच एका टोळीने सुरू केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून सोडत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी तिथे घड्याळ लावून शर्यत घेतली. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नाव पडले ‘रिपॅक’. याच टोळीतल्या जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी सायकलचा सांगाडा बनवला. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्याकडेही राष्ट्रीय माउंटन बायकिंग स्पर्धा होतात.

रिपॅकमध्ये सगळे एकदम सुटत नसत. एकेकाला ठरावीक अंतराने सोडले जाई आणि कमी वेळ घेणारा जिंके. ही पद्धत आपल्यालाही उपयोगी आहे.

महामार्गावरची शर्यत धोक्याची का?

हौशी सायकलस्वार जोर लावून ताशी २५ ते ३० किलोमीटर वेगाने जातो. चौपदरी महामार्गावर मोटारी त्याच्या तिप्पट वेगाने जातात. शर्यतीत वाऱ्याचा अडथळा टाळण्यासाठी सगळे एकमेकांच्या चाकाला चाक लावून चालतात. पुढच्याने खड्डा पाहून ब्रेक दाबला, तर मागचे तिघे आडवे होतात आणि ते डांबराच्या कडेलाच पडतील याची खात्री नसते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक धोका आहे. सायकल चालवायला सर्वांत चांगला काळ म्हणजे हिवाळा आणि तोच ऊस गाळपाचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते. मान खाली घालून पायडल मारणाऱ्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आहेतच.

मोबाइल अ‍ॅपवरच्या क्रमवारीने ही चढाओढ वाढवली आहे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अ‍ॅपवरचा हुकलेला विक्रम परत मिळवण्याच्या प्रयत्नात एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला. कुटुंबाने कंपनीवर दावा केला. तो २०१३ मध्ये फेटाळला गेला. सार्वजनिक रस्त्यावर वेग किती ठेवायचा, याची जबाबदारी शेवटी सायकलस्वाराचीच राहते.

पण सोलापुरात डोंगर कुठे?

नावात डोंगर असला, तरी या खेळाला डोंगरच लागतो असे नाही. खडबडीत मातीची वाट पुरते. ऑलिम्पिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्री शर्यतीतही साधारण ४ ते ६ किलोमीटरच्या एकाच मार्गावर अनेक फेऱ्या मारतात. असे मार्ग आपल्या गावोगावी आहेत. पाणंद रस्ते, मुरमाच्या वाटा, कालव्याकडेचे रस्ते, ओढ्याची चढ-उतार. चढच हवा असेल, तर तुळजापूरच्या बाजूला बालाघाटच्या रांगा आहेत.

मातीवर वेग कमी लागतो, पण कस जास्त लागतो. तोल, गिअर कधी बदलायचा याची जाण आणि ब्रेकवरचा हात इथेच तयार होतो. इथेही पडायला होते, पण गुडघा खरचटणे आणि ट्रकखाली येणे यात फरक आहे.

मग नान्नजच्या माळावर का नको?

मोकळे माळरान म्हटले, की अनेकांच्या डोळ्यांपुढे नान्नज येते. तिथे मात्र सायकल घालू नये. १९७९ मध्ये घोषित झालेले हे माळढोक पक्षी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कायद्याइतकेच महत्त्वाचे कारण निसर्गाचे आहे. माळढोक जमिनीवर अंडे घालतो आणि तेही बहुधा एकच. टिटवी, चंडोल यांची घरटीही जमिनीवरच असतात. जाड टायरखाली एखादे अंडे गेले, तर चालवणाऱ्याला कळणारही नाही. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो. निदान त्याचे माळ तरी आपण तुडवू नये. अभयारण्याबाहेरच्या गवताळ माळावरही पावसाळ्यात रुळलेली वाट सोडू नये.

मित्रांची शर्यत कशी घ्यावी?

पहिली गोष्ट, एकेकाला एक-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावे आणि निकाल वेळेवर ठरवावा. त्यामुळे रेटारेटी होत नाही, नवख्यालाही स्वतःच्या मागच्या वेळेशी स्पर्धा करता येते. दुसरी, मार्ग आदल्या दिवशी फिरून पाहावा आणि प्रत्येक वळणावर एक माणूस उभा करावा. तिसरी, ग्रामपंचायतीला आणि वाटेवरच्या शेतकऱ्यांना आधी सांगावे. पाणंद सर्वांची असली, तरी बांध आणि पीक शेतकऱ्याचे आहे. बैलगाडी, मेंढ्यांचा कळप समोर आला, की शर्यतीचे घड्याळ विसरून थांबावे.

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती सायकलस्वाराला लागू नाही. म्हणून गटानेच नियम करावा : हेल्मेट नाही, तर शर्यत नाही. एकाने कायम शेवटी राहावे आणि परतल्यावर डोकी मोजावीत.

काय तयारी हवी?

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान प्रत्येकाकडे हवे. मातीवर टायरमध्ये डांबरापेक्षा थोडी कमी हवा ठेवली, तर पकड चांगली मिळते. मोठ्या पावसानंतर काळ्या रानातली वाट टाळावी. चिकट माती टायर आणि फोर्कमध्ये भरून चाकच अडते आणि सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते. अशा दिवशी मुरमाची वाट बरी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नऊच्या आत घरी परतावे. दोन बाटल्या पाणी आणि थोडे मीठ-साखर सोबत असावे.

सुरुवात कुठून करावी?

यासाठी महापालिकेच्या ट्रॅकची किंवा प्रायोजकाची वाट पाहण्याची गरज नाही. महिन्यातला एक रविवार ठरवावा, पाच किलोमीटरची एक वाट निवडावी, मोबाइलवर वेळ लावावी. गावातली मुले घरची जुनी सायकल घेऊन आली, तर त्यांनाही उतरू द्यावे. कदाचित तीच आपल्याला मागे टाकतील. लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर महामार्ग आहेच. तिथे एका रांगेत, मागे लाल दिवा लावून जावे. चुरस मात्र मातीसाठी राखून ठेवावी.