सुडो नसलं तरी अडत नाही

रामटेकला घरी गेलो की इंजिनिअरिंगला असलेला मामेभाऊ काही ना काही प्रश्न घेऊन येतोच. या वेळी म्हणाला, "दादा, लॅबच्या पीसीवर पायथॉन ३.८ आहे. प्रोजेक्टच्या लायब्ररीला त्याच्या पुढचं लागतं. सर सुडोचा पासवर्ड देत नाहीत. काय करू?" त्याच्याकडे लॅपटॉप नाही. रोज एसटीने नागपूरला जातो, जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर. जे काही करायचं ते लॅबच्या वेळातच.

ही अडचण त्याच्या एकट्याची नाही. उबुंटू २०.०४ सोबत पायथॉन ३.८ येतं. पायथॉन ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, आणि या उबुंटूचा नेहमीचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्ये. नमपाय २.० ला तर किमान पायथॉन ३.९ लागतं. जुन्या पीसींवर हेच चालू असेल, तर मुलं मागे पडणारच.

मग सर चुकतात का? माझ्या मते नाही. सुडो म्हणजे अख्ख्या मशीनची किल्ली, आणि एका पीसीवर दिवसभरात तीन-चार बॅचेस बसतात. पण किल्ली न देणं वेगळं आणि काहीच इन्स्टॉल करू न देणं वेगळं. इथेच गल्लत होते. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या सुपरकॉम्प्युटरवरही साध्या युजरला रूट मिळत नाही. लोक आपल्या होम फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर टाकतात आणि काम करतात.

पद्धत सोपी आहे. पायथॉनच्या अधिकृत साइटवरून सोर्स घ्या आणि होममध्ये उघडा. 'कॉन्फिगर' चालवताना 'प्रीफिक्स' या पर्यायात स्वतःच्या होममधल्या फोल्डरचा पत्ता द्या. तो दिला नाही, तर सॉफ्टवेअर सिस्टीमच्या फोल्डरमध्ये जायला बघतं आणि परवानगी नाही म्हणून अडतं. मग 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल', दोन्ही सुडोशिवाय. शेवटी त्या फोल्डरमधलं 'बिन' आपल्या 'पाथ'मध्ये सगळ्यात पुढे जोडा.

खरी मेख पुढे आहे. मशीनवर ओपनएसएसएलच्या हेडर फाइल्स नसतील, तरी पायथॉन बिनबोभाट कंपाइल होतं. नंतर 'पिप' चालवलं की कळतं, एसएसएल मॉड्यूलच नाही, म्हणजे डाउनलोड काहीच होणार नाही. म्हणून 'मेक'च्या शेवटी कोणते मॉड्यूल बनले नाहीत त्याची यादी येते, ती वाचाच. कंपाइल करायला वेळ नसेल, तर 'यूव्ही' हे टूल तयार पायथॉन थेट होममध्ये आणून ठेवतं.

"पण सोर्समधून आहे, म्हणजे सेफच ना?" असं नाही. मार्च २०२४ मधलं एक्स-झेडचं प्रकरण आठवा. फाइल्स कॉम्प्रेस करणाऱ्या या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये, खुद्द एका मेंटेनरच्या खात्यावरून, चोरदरवाजा घातला गेला होता. तो चालू करणारा बिल्डचा तुकडा फक्त डाउनलोडच्या टारबॉलमध्ये होता, गिटमध्ये नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून तो सापडला.

यातून लॅबला काय शिकता येईल? तो चोरदरवाजा सिस्टीमच्या एसएसएच सर्व्हरसाठी रचलेला होता. होममध्ये टाकलेली लायब्ररी तो सर्व्हर वापरतच नाही. वाईट कोड होममध्ये आला, तर तुमच्या फाइल्स नक्कीच धोक्यात येतात, पण बाकीच्यांचं मशीन वाचतं. 'सुडो मेक इन्स्टॉल' केलं, तर तोच कोड सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणजे सुडो नसणं ही नुसती अडवणूक नाही, संरक्षणही आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कॉलेजांनी रूट देऊ नये, पण होम नीट द्यावं. प्रत्येकाला काही जीबी जागा, रीस्टार्टनंतर फाइल्स पुसल्या जाणार नाहीत याची सोय, होममधला प्रोग्राम चालवायची परवानगी, आणि कंपायलर व हेडर फाइल्स एकदाच टाकलेल्या. यात खर्च फारसा नाही, लॅब असिस्टंटची एक दुपार जाईल.

मामेभावाचं पहिलं बिल्ड एसएसएलपाशीच अडलं. त्याने पासवर्ड मागितला नाही, फक्त पॅकेजचं नाव कागदावर लिहून सरांना दिलं. सरांनी ते टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी शेवटची एसटी सुटायच्या आत त्याचं 'पिप' चालू झालं होतं.